जंतूंना सगळं कळतं

घर स्वच्छ ठेवायचंय ना, मग आधी बाटल्या आणा. फरशीची वेगळी, संडासाची वेगळी, ओट्याची वेगळी, काचेची वेगळी, भाज्या धुवायची वेगळी (हो, मिळते, मिठाच्या पाण्याचे दिवस गेले) आणि एक अशी जी नक्की कशाची ते घरात कोणालाच माहीत नाही पण लिंबाचा वास छान येतो म्हणून आणलेली. बाटलीवर 99.9 टक्के जंतू मारते असं लिहिलेलं असलंच पाहिजे. उरलेल्या 0.1 चं काय असं विचारू नका, तेवढं देवावर सोडायचं. आता हिशेबच करायचा तर 10 लाखांतले 1 हजार उरतात, आणि ओट्यावर आमटीचा एखादा ओघळ राहिला, हवेत ऊब असली, तर ई. कोलायसारखा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, म्हणजे सकाळी आठला ओटा चकाचक केलात तर साधारण अकरा वीसला सगळी मंडळी परत हजर. मग काय, अकरा वीसला परत पुसायचा. रिकामं बसून तरी काय करणार.

पुसायचा कशाने? त्याच फडक्याने. बाटल्या दोन हजारांच्या आणा पण फडकं बदलू नका. आमच्याकडचं गणपतीत काढलेलं आहे, आधी निळं होतं म्हणतात. त्याने उतू गेलेलं दूध पुसायचं, मग कढईचा बुडखा, मग धुतलेली ताटं, मग हात, आणि ओलंच घडी करून नळावर ठेवायचं म्हणजे ते कधी वाळतच नाही. जर्मनीत 2017 साली स्वयंपाकघरातले वापरलेले स्पंज तपासले होते, तर काही जागी एका घन सेंटिमीटरमध्ये 5 हजार कोटींच्या वर जंतू सापडले. अख्ख्या पृथ्वीवर माणसं 800 कोटी. पण स्पंज त्यांचा, आपलं फडकं आहे, आपल्याला काय त्याचं.

एक गोष्ट मात्र गंमत नाही, संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका. क्लोरीन वायू तयार होतो, 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच. दार लावून तेवढ्याशा संडासात पराक्रम करायला जाल आणि जंतूंच्या आधी तुम्हीच जाल.

2020 चा लॉकडाऊन आठवतो? तो आपला सुवर्णकाळ. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, नोटा गॅलरीत चिमटे लावून वाळवल्या, पेपर बंद केला. मी स्वतः कोथिंबिरीची जुडी भांड्याच्या लिक्विडमध्ये खळबळवून काढली होती, तीन पाण्यांतून काढूनही त्या दिवशी आमटीला फेस आला आणि सगळ्यांनी कौतुकाने खाल्ली कारण बोलणार कोण. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या साथरोगांच्या सरकारी संस्थेने, सांगितलं की वस्तूंना हात लागून करोना व्हायची शक्यता 10 हजारांत एकाहूनही कमी. हे असं मागाहून सांगतात, तोवर माणसाने काय बिनधास्त जगायचं?

साध्या साबणाच्या नादी तर लागूच नका. जेवणाआधी आणि संडासला जाऊन आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुतले की बरंचसं काम होतं, हे खरंय, पण त्यात काही मजा नाही, शेजारी सांगण्यासारखंही काही नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, ट्रायक्लोसानसकट 19 जंतुनाशक रसायनं हात-अंग धुवायच्या साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती जास्त काही करतात हे कंपन्यांना दाखवताच आलं नाही. हे वाचलंत तर विसरून जा.

आणि पोरांना मातीत सोडू नका. 1989 साली स्ट्रॅचन नावाच्या डॉक्टरने 17 हजारांवर ब्रिटिश मुलांची माहिती तपासली तर घरात थोरली भावंडं जितकी जास्त तितका धाकट्यांना परागकणांचा शिंका-सर्दीचा त्रास कमी, म्हणजे एकमेकांचं शेंबूड-उष्टं कुठेतरी कामी येत असावं असा त्याचा अंदाज. अजून त्यावर वाद आहेत. आपण वादात कशाला पडा, आपल्याला एकच पोरगं, ते सोफ्यावर सॅनिटायझर लावून बसलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा. जंतूंना माणसं ओळखता येतात. पाहुणे चपला घालून थेट हॉलमध्ये आले तरी त्यांचे जंतू घरंदाज असतात, काही करत नाहीत. साहेब टॉयलेटात मोबाईल नेऊन तोच जेवताना ताटाशेजारी ठेवतात, तेही चालतं. खरे जंतू ते कामवाल्या बाईंच्या कपात. म्हणून त्यांचा कप वेगळा ठेवायचा, कान तुटलेला, आमच्याकडे तो गॅलरीत फिनेलच्या डब्याशेजारी असतो. त्यातलं विज्ञान असं की आपले सगळे कप, ताटं, पोराची दुधाची बाटली बाई हातांनी घासतात तेव्हा जंतू गप्प असतात, चहा पिताना मात्र उसळतात. आमच्या आजीकडे याला सोवळं म्हणायचे. आपण शिकलेले, आपण हायजीन म्हणतो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे घोटाळा झाला. पोराने विरजणासकट सगळं दही संपवलं. आईला पिशवीतलं दही चालत नाही, ते गोड आणि गिळगिळीत लागतं म्हणे, आणि समोरचे गावाला गेलेले. बाई म्हणाल्या थांबा ताई, आणि संध्याकाळी येताना स्टीलच्या छोट्या डबीतून चमचाभर दही घेऊन आल्या. मी डबी सॅनिटायझरने पुसून घेतली. बाहेरून. आतले लाखो-करोडो जंतू कोमट दुधात सोडले, वर ताटली झाकली, आणि रात्रभर त्यांना ऊब मिळावी म्हणून पातेल्याला टॉवेल गुंडाळला.

सुरी उभी राहावी असं दही लागलं. तेव्हापासून रोज त्याच विरजणाचं लावतोय, आई वाटी चाटूनपुसून खाते आणि म्हणते, बघ, घरच्या दह्याची चव वेगळीच. बाई हे ऐकत असतात, गॅलरीत उभ्या राहून, त्यांच्या कपातून चहा पीत.