प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे गाठ प्रोलॅक्टिनचीच, असं नाही

ताई, "डोक्यातली गाठ गोळीने आक्रसते असं लिहून तुम्ही लोकांना ऑपरेशनपासून लांब ठेवताय. माझ्या भावाला सात महिने गोळ्या दिल्या, प्रोलॅक्टिन ८५ वरून खाली आलं, पण तीन सेंटिमीटरची गाठ तेवढीच राहिली आणि बाजूचं दिसणं गेलं," असं तुम्ही लिहिलंत. वाचून फार वाईट वाटलं. चूक माझीही आहे. गाठ प्रोलॅक्टिनचीच आहे हे ठरवायचं कसं, ते मी लेखात लिहिलंच नव्हतं.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्यातल्या प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) बनवणाऱ्या पेशींवर डोपामिन या रसायनाचा कायम लगाम असतो. ते मेंदूतून ग्रंथीच्या देठावाटे खाली येतं. कॅबरगोलिन ही गोळी डोपामिनचंच काम करते, म्हणून प्रोलॅक्टिनची गाठ, म्हणजे स्वतः प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ, बहुतेकदा तिने लहान होते. पण कुठलंच संप्रेरक न सोडणारी मोठी गाठसुद्धा तो देठ दाबते. मग लगाम सुटतो आणि ग्रंथीतल्या निरोगी पेशीच जास्त प्रोलॅक्टिन सोडतात. गोळीने रिपोर्ट सुधारतो, गाठ मात्र तशीच राहते, वरच्या डोळ्यांच्या नसांवर दाब देत. तीन सेंटिमीटरची गाठ स्वतः प्रोलॅक्टिन बनवत असती, तर आकडा सहसा २०० च्या बराच पुढे, कित्येकदा हजारांत गेला असता. भावाचं निदान मी इथून करणार नाही, पण ८५ आकडा पाहून हा प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा होता. (ॲसिडिटीच्या गोळीतल्या डोमपेरिडोननेही प्रोलॅक्टिन वाढतं. डॉक्टरांना चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा.)

"सगळ्या गाठी काढूनच टाकाव्यात" हे मात्र मला पटत नाही. निफाडच्या माझ्या मामांची गाठ ग्रोथ हार्मोन बनवत होती. चपलेचा नंबर आठाचा दहा झाला, बोटातली अंगठी नाशिकच्या सराफ बाजारात कापून काढावी लागली, तरी द्राक्षबागेच्या कामाने हात सुजलेत असंच घरी सगळे म्हणत राहिले. त्यांना नाकावाटे ऑपरेशनच हवं होतं, ते झालं. माझ्या बायकोची सहा मिलिमीटरची प्रोलॅक्टिनची गाठ मात्र कॅबरगोलिनवरच आटोक्यात आली. तिच्यावर शस्त्र चालवायचं कारणच नव्हतं.

भावाचं कॉर्टिसॉल आणि थायरॉइड तपासलंय का? मोठ्या गाठीखाली ही संप्रेरकंही कमी पडतात. थकवा, चक्कर, उलट्या असतील तर थांबू नका, आजच डॉक्टरांना गाठा.