दुधी काचेआडून सगळे ऐकू येते

माझी धाकटी बहीण तिच्या कार्यालयातील तक्रार निवारण समितीवर आहे. समितीची सुनावणी ज्या काचेच्या केबिनमध्ये चालते, तिथे पडदे काढून बटणावर दुधी होणारी फिल्म लावण्याचे घाटत आहे आणि त्यासाठी पुरावा म्हणून एक फिरता संदेश पुढे करण्यात आला आहे. तिने तो मला पाठवला. त्यात म्हटले आहे की, वीज मिळताच ही फिल्म दुधी होते व एरवी वीज घेत नाही. दुधी काचेतून काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. एसीचे बिल निम्म्यावर येते. आणि ती घरच्या कात्रीने कापून कोणालाही चिकटवता येते. हा मजकूर तिसऱ्यांदा माझ्यापर्यंत आल्यामुळे आता उत्तर लिहिणे भाग आहे.

विजेचा मुद्दा चक्क उलटा सांगितला आहे. दोन वीजवाहक प्लास्टिक पापुद्र्यांमध्ये पॉलिमरचा थर असतो आणि त्या थरात द्रव स्फटिकाचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. वीज नसताना थेंबांतील रेणूंची दिशा एकसारखी नसते, त्यामुळे प्रकाश विखुरतो व काच दुधी दिसते. वीज दिली की रेणू एका दिशेला येतात, थेंबांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, पॉलिमरशी जुळतो आणि प्रकाश सरळ पार जातो. केंट स्टेट विद्यापीठातील विल्यम डोन आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये अप्लाइड फिजिक्स लेटर्स या नियतकालिकात हेच मांडले होते. म्हणजे वीज लागते ती काच पारदर्शक ठेवण्यासाठी, तीही सतत. ती चौरस मीटरमागे काही वॅटच असते आणि वीज गेल्यास काच आपोआप दुधी होते, हे मात्र मान्य करावे लागेल. सुनावणीच्या खोलीसाठी ही सोयच आहे.

माझा खरा आक्षेप ‘काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही’ या वाक्याला आहे. दुधी अवस्थेत प्रकाश अडत नाही, तो फक्त विखुरतो, आणि त्याचा बराचसा भाग पलीकडे पोहोचतोच. छापील कागदावर बटर पेपर ठेवून पाहावा: टेकलेला असताना अक्षरे वाचता येतात, चार बोटे वर उचलला की ती पुसट होत जातात. या काचेचेही तसेच आहे. तळहात काचेला टेकवला तर बाहेरून पाचही बोटे मोजता येतात. माणूस हातभर मागे सरकला की उरतो तो आकार. आत दिवे लागलेले आणि बाहेरची मार्गिका अंधारी असेल, तर काचेजवळ बसलेल्या व्यक्तीची सावली उठून दिसते, आणि जी व्यक्ती रोज शेजारच्या टेबलावर बसते ती सहकाऱ्यांना बसण्याच्या ढबीवरूनही ओळखू येते. तिने डोळे पुसायला हात उचलला, तर तेही दिसते.

आवाजाविषयी तर बोलायलाच नको. आवाज अडतो तो जाड, जड भिंतीने आणि फटी बुजवल्याने. मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या फिल्मने त्यात काही फरक पडत नाही, आणि दाराखालची फट आहे तशीच राहते. पडदा असताना लोक निदान आवाज खाली ठेवून बोलतात. ‘शंभर टक्के गोपनीयता’ अशी ग्वाही ऐकून आत बसलेली तक्रारदार मोकळेपणाने नावे घेईल आणि ती बाहेर ऐकू जातील, याची जबाबदारी संदेश पुढे ढकलणारा कोणीही घेणार नाही.

बिल निम्मे होण्याचा दावा वाचून हसू आले, कारण ही काच केबिन आणि मार्गिका यांच्यामध्ये आहे. तिथे ऊन येतेच कुठून? कात्रीचे म्हणाल, तर फिल्मच्या कडेला वीजजोडणीची पट्टी असते. ती कापली गेली तर फिल्म निकामी होते, आणि कड वेडीवाकडी कापल्यास दोन्ही वाहक थर एकमेकांना टेकून शॉर्ट होऊ शकतात. म्हणून ती मापानुसार बनवून घ्यायची आणि जाणकाराकडून बसवून घ्यायची वस्तू आहे.

फिल्म लावूच नये, असे मी बहिणीला सांगितलेले नाही. दाराखालची फट आधी बुजवून घ्यावी, तक्रारदाराची खुर्ची काचेपासून दूर, पक्क्या भिंतीशी ठेवावी, आणि पैसे देण्यापूर्वी समितीतील एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात बोलावे व दुसऱ्याने मार्गिकेत उभे राहून काय दिसले, काय ऐकू आले ते लिहून काढावे, असे कळवले आहे.