ते झोपलेलं नाही, गारठलंय

हा मेसेज माझ्याकडे तीनदा आला. पहिल्या दोन वेळा मी तो न वाचता सोडून दिला. तिसऱ्यांदा जळगावहून ताईने पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, मी म्हणत होते ना, झोपलाय तो." तो म्हणजे ढोल्या, माझ्या भाच्याचं कासव. आणि झोपलाय म्हणजे बावीस दिवस त्याने तोंडाला काही लावलेलं नव्हतं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

मेसेजचं नाव 'घरी कासव पाळणाऱ्यांसाठी सात सुवर्णनियम'. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कासव थंड रक्ताचं, म्हणून त्याला ऊब दिली की आयुष्य घटतं. खिडकीतलं ऊन आणि घरातला एलईडी पुरतो. हिवाळ्यात खाणं सुटलं तर ती योगनिद्रा, होळीपर्यंत हात लावू नका. पाठीवर उंचवटे आले तर ते मेरूचं रूप, घरात लक्ष्मी येणार. खायला केळं आणि दूधपोळी द्या. उत्तरेला पितळी ताटात पाणी भरून त्यात ठेवा. आणि शेवटचा नियम खास आपल्यासाठी : खान्देशासारख्या उष्ण मुलखात दिवे-हीटर लागतच नाहीत, तो दुकानदारांचा धंदा आहे. शेवटी हात जोडलेल्या बाहुल्या आणि 'दहा जणांना पाठवा'.

मी अमळनेरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. प्राण्यांचा डॉक्टर नाही. पण यातल्या अर्ध्या गोष्टी आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही खोडता येतील.

मुळात 'कासव' म्हणजे कुठलं, हेच मेसेजात नाही. आपल्या भाषेत पाण्यातलं आणि जमिनीवरचं, दोन्हींना एकच शब्द, आणि या लबाडीला ते फार सोयीचं पडलंय. ढोल्या सुल्काटा जातीचा आहे, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला, पूर्ण जमिनीवरचा. तुमच्या घरी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं तारा कासव असेल, तर पुढचं वाचायच्या आधी वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहे, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. 'वास्तूसाठी आणलं' ही पळवाट तिथे चालत नाही.

आता तो तिसरा नियम, ज्याच्यापायी मला हे लिहावं लागलं.

शीतनिद्रा घेणारी कासवं असतात, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागेल. भूमध्य समुद्राच्या आसपासची जमिनीवरची कासवं हिवाळ्यात खरंच झोपतात. पण तीसुद्धा अशी वाटेल तेव्हा आडवी होत नाहीत. आधी उन्हाळाभर खाऊन वजन धरतात, मग खाणं थांबवून पोट रिकामं करतात, आणि पाच अंशांच्या आसपास स्थिर थंडी मिळाली तरच महिनोन्महिने निभावतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठूनतरी उचललं, त्याला योगनिद्रेचा टिळा लावला आणि सगळ्या कासवांना चिकटवून दिलं. सुल्काटा शीतनिद्रा घेत नाही. त्याच्या मुलखात त्याला तशी थंडीच भेटत नाही, तो उलट उन्हापासून पळून जमिनीत खोल बिळं खणतो.

मग ढोल्या करत काय होता? गारठला होता. कासवाला स्वतःचं अंग स्वतः तापवता येत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच पचनाचे रस आणि आतड्यातले जिवाणू कामाला लागतात. सोळा-सतरा अंशांत हे सगळं ठप्प होतं. प्रतिकारशक्तीही तेवढीच ढिली पडते. म्हणजे भूक मेलेली, पोटात जुनं अन्न कुजतंय, छातीत कफ धरायला लागलाय, आणि घरातले एकमेकांना सांगतायत, शांत ऱ्हा, तो झोपलाय. ताईच्या सासूबाई तर माझ्यावरच खेकसल्या, "झोपेल शे तो, ऱ्हाऊ दे त्याले." म्हातारीला दोष देत नाही. तिला मोबाईलवर वाचून दाखवलं तेच ती बोलली.

मी गेलो तेव्हा त्याच्या नाकपुडीशी बारीक बुडबुडे येत होते. मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेत होता. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, छातीत साचलेलं बाहेर टाकायची सोयच नाही. त्यामुळे न्यूमोनिया त्याला माणसापेक्षा जास्त जड जातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, २८२ ग्रॅम. दिवाळीत भाच्याने वहीत ३१० लिहून ठेवले होते. होळीपर्यंत हात न लावता ठेवला असता तर होळीला काय हाताला लागलं असतं, ते ताईला मी तिच्या तोंडावर सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही.

दाजींचं म्हणणं, "अरे पण घरात थंडी कुठे आहे?" खोलीतलं घड्याळवालं तापमापक २३ दाखवत होतं, छातीच्या उंचीवर टांगलेलं. ते मी काढून फरशीवर ठेवलं. अर्ध्या तासाने १७. सकाळी सहाला भाच्याने पुन्हा पाहिलं तर १५. कासवाचं जग फरशीपासून चार बोटांवर संपतं, त्याची थंडी तिथेच मोजायची. आणि खान्देश उष्ण मुलूख, हे मे महिन्यापुरतं खरं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्या-जळगावचा पारा एक आकडी होतो हे काय आपल्याला पेपरात वाचायला हवं? शेकोटी करून आपण भरीत पार्ट्या झोडतो ते कशाला?

'ऊब दिली की आयुष्य घटतं' हा पहिला नियम याच मुद्द्यात निकालात निघाला. 'थंड रक्ताचं' हा शब्दच घात करतो. त्याचा अर्थ थंडी आवडते असा नसून, थंडीशी लढायचं हत्यार अंगात नाही, असा आहे. माझा एक मित्र नवापूरला पोल्ट्री करतो. पहिले काही दिवस पिलांना ब्रूडरखाली ऊब नाही दिली तर पिलं खात नाहीत, एकमेकांवर चढून मरतात, हे तिथल्या शाळकरी पोराला ठाऊक असतं. तोच हिशेब इथे लावायचा. फरक एवढाच की कोंबडीचं पिलू मोठं झालं की स्वतःची ऊब स्वतः करतं, कासव जन्मभर करत नाही.

आम्ही केलं ते सांगतो. साध्या होल्डरला १०० वॅटचा पिवळा बल्ब, पेटीच्या एका टोकाला वरून टांगला, कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंशांच्या पुढे येईल इतका खाली. दुसरं टोक थंड ठेवलं, म्हणजे त्याला नको झालं तर सरकता येईल. ऊब वरूनच हवी. पोटाखाली तापणारी गादी किंवा दगड नको, त्याने पोट भाजतं आणि त्याला ते वेळेवर कळतही नाही. रात्री उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) लावून. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीबाहेर, वरून गोधडी. रोज कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. गार पोटात जबरदस्तीने काही कोंबलं तर ते तिथेच सडतं. न्यूमोनियाचं इंजेक्शन मात्र नाशिकला डॉक्टरांकडे नेऊन घेतलं. तो भाग घरी करायचा नाही.

खिडकीतल्या उन्हाचं पाहू, कारण यात माझ्या ओळखीचे शिकलेले लोकही फसतात. कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) लागतात, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे. खिडकीची काच ते जवळजवळ सगळे अडवते. उष्णता मात्र आत येऊ देते. म्हणजे काचेच्या पेटीत, बंद खिडकीशी ठेवलेल्या कासवाला कामाचं काहीच मिळत नाही आणि मार्चनंतर ते आतल्या आत शिजतं. एलईडीत यूव्हीबी नसतात, ट्यूबलाइटीत कामापुरते नसतात. ड जीवनसत्त्व नाही तर खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडात जात नाही, कवच दाबलं की दबतं, चाल वाकडी होते. घरातच ठेवायचं तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी नळी लागते, मध्ये काच न ठेवता, आणि ती पेटत असली तरी वर्षाच्या आत बदलायची, कारण उजेड राहतो पण किरण आटतात. दिवसाचे बारा तास लख्ख उजेड हवा हेही लक्षात ठेवा. ढोल्याची पेटी सोफ्याच्या मागे अंधारात होती. त्याच्या लेखी तिथे कायम दिवेलागण झालेली, मग तो जेवायला कशाला उठेल?

मेरूबद्दल तर हसावं की रडावं. २००३ साली विस्नर आणि इबेन या दोन संशोधकांनी नेमक्या याच जातीची पन्नास पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या हवेत वाढवली, आहारातली प्रथिनंही कमी-जास्त करून पाहिली. कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर उंच टेंगळं आली. ४५ ते ९९ टक्के आर्द्रतेत वाढलेल्यांच्या पाठी त्या मानाने गुळगुळीत राहिल्या. प्रथिनांचा फरक किरकोळ पडला. म्हणजे ज्याला तुम्ही हळदीकुंकू लावताय ते पिल्लाला कोरड्या हवेत वाढवल्याचं व्यंग आहे, आणि ते पुन्हा सपाट होत नाही. वाळवंटाकडचं जनावर म्हणून कोरडंच ठेवायचं, हा समजही याच प्रयोगाने मोडला. पिलू बिळात राहतं आणि बिळात ओल असते. पेटीत एका कोपऱ्यात दमट भुसा भरलेला डबा उपडा घातला, एवढ्यावर भागतं.

केळं : आपल्या जळगावच्या केळ्याचा मलाही अभिमान आहे, पण त्यात कॅल्शियमच्या चौपट फॉस्फरस आणि वर साखर, गवत पचवणाऱ्या पोटाला ते झेपत नाही. दूध तर सरपटणाऱ्या कुठल्याच प्राण्याचं अन्न नव्हे. द्यायचं ते हरळी, मारवेल, वाळलेलं गवत, जास्वंदाची पानं-फुलं, फड्या निवडुंग काटे काढून. फक्त कपाशीच्या बांधावरचं गवत आणू नका, तिथे कशाकशाची फवारणी झालेली असते देव जाणे.

पितळी ताटाबद्दल काय बोलणार. जमिनीवरचं जनावर दिवसभर गार पाण्यात उभं करायचं आणि वर दिशा पाहायची!

शेवटच्या नियमात थोडं खरं आहे, ते देऊन टाकतो. आपल्याकडचं उघडं ऊन फुकट आणि उत्तम आहे. सकाळी अंगणात, अर्धी सावली ठेवून, कुत्र्या-कावळ्यांवर नजर ठेवून कासव सोडता आलं तर यूव्हीबीच्या नळीचं काम बरंचसं होतं. आणि दुकानदार नको ते विकतात हेही खरं. ताईला रात्रीसाठी लाल बल्ब विकला होता, 'कासवाला लाल दिसत नाही' म्हणून. त्याला लाल चांगलं दिसतं, रात्रभर झोप मोडते. पण ऊन चांगलं आहे म्हणून बंद फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर दिवे लागत नाहीत, हे म्हणजे तापीला पाणी आहे म्हणून घरात माठ नको म्हणण्यासारखं झालं.

बल्ब लावल्यावर चौथ्या दिवशी ढोल्या आपणहून उजेडाखाली आला. नवव्या दिवशी जास्वंदाचं अर्धं फूल खाल्लं, भाच्याने व्हिडिओ त्याच ग्रुपवर टाकला. ज्या काकांनी मूळ मेसेज पाठवला होता त्यांनी त्याला अंगठ्याची 'लाइक' दिली आणि दुपारी 'तुळशीजवळ कोणती सात रोपं लावू नयेत' हा नवा मेसेज पाठवला.

दाजींना मी आणखी एक सांगितलं. परदेशी जातींचे प्राणी नोंदवायच्या केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचं काय ते आधी बघा. शिवाय हा नर निघाला तर चाळीस किलोच्या पुढे जातो, आणि जगतो तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. ते म्हणाले, "चाळीस?" मी म्हटलं, हो, किलो. मग त्यांनी गॅलरीची लांबी-रुंदी मोजायला टेप मागवली.