वारंवार लघवी लागते, गोळी कोणती?

"दिवसातून पंधरा वेळा जावं लागते, रात्री चारदा उठावं लागते, एखादी गोळी सांगा." साठीचे काकाही हेच म्हणतात आणि पंचेचाळिशीच्या ताईही. पण मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तरी सारखं जावं लागतं, आणि भरायच्या आतच ते आवळत असेल तरीही. पहिल्यात वाट मोकळी करायची असते, दुसऱ्यात स्नायू शांत करायचा असतो. अडथळा असताना शांत करणारी गोळी घेतली तर लघवी पार तुंबू शकते. म्हणून माझं एकच सांगणं: आत लघवी किती शिल्लक राहते हे मोजल्याशिवाय गोळी सुरू करू नका.

मोजणी साध्या सोनोग्राफीत होते, पण घोळही तिथेच होतो. सेंटरवर लीटरभर पाणी प्यायला लावतात, नंबर येईपर्यंत रोखून धरावं लागतं. तट्ट फुगलेलं मूत्राशय एका खेपेत रिकामं होत नाही. मग '१५० मिली शिल्लक' असा रिपोर्ट येतो आणि माणूस हबकतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या. नेहमीइतकी लागली की जा, सावकाश करा आणि लगेच टेबलावर जा. ५० मिलीच्या आत असेल तर काळजी नाही. दर वेळी २०० च्या वर येत असेल तर युरोलॉजिस्टना दाखवाच.

लघवीच्या धारेची तपासणीही करतात. तिच्यात निदान १५० मिली लघवी व्हायला हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर धार बरी, १० च्या खाली अडथळ्याची शंका. शंकाच, कारण जुन्या मधुमेहात स्नायूच थकतो आणि धार तशीच मंदावते.

पुरुषांत अडथळ्याचं कारण बहुधा वाढलेलं प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, असतं. पण रिपोर्टात तिचं वजन नुसतं '४५ ग्रॅम' वाचून घाबरू नका, ग्रंथीचा आकार आणि अडथळा यांचं गणित जुळतंच असं नाही. टॅमसुलोसिन ही वाट सैल करणारी गोळी घेणाऱ्यांनी रात्री पलंगावरून झटकन उठू नये, चक्कर येते. आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका. तिच्यातली काही औषधं लघवी अडवतात.

बाईला अडथळा असेल हे मात्र कोणाच्या मनातही येत नाही. अंग बाहेर येत असेल, खोकताना होणाऱ्या गळतीसाठी पट्टीचं ऑपरेशन झालं असेल, धार सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) न करता अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स घेऊ नका. नागपुरात बर्डी-इतवारीच्या बाजारात दिवसभर दुकानात उभ्या राहणाऱ्या बायका स्वच्छतागृह नाही म्हणून मे महिन्यातही पाणी टाळतात. त्यानं लघवी दाट होते, आग वाढते आणि सारखी लागते. हा दोष त्यांचा नाही.

तीन दिवस लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळ आणि मिली लिहा, आणि काय किती प्यायलात तेही, चहासुद्धा. साठीपुढे दिवसाच्या एकूण लघवीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्री होत असेल, तर आधी पायांची सूज, संध्याकाळचं पाणी आणि झोपेतलं घोरणं तपासायचं. मूत्राशयाची गोळी तिथे कामाची नाही.

ओटीपोट फुगलंय, कळ येतेय आणि थेंबही होत नाही, तर पाणी पीत सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मेडिकल कॉलेजच्या किंवा मेयो रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. नळी घालून मोकळं करतात.