‘आधी घोका, मग आपोआप समजेल’ : नाही समजत

पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आला असेल. म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी पावकी-निमकीपासून (म्हणजे पाव आणि अर्ध्याच्या पाढ्यांपासून) तीसपर्यंतचे पाढे घोकून घ्यायचे म्हणून ती पिढी हिशोबाला पक्की, वेद पाठांतरानेच टिकले, घोकल्याने मेंदू तल्लख होतो, आपले गणिती कापरेकर असेच घडले, मुलांनी आधी पाठ करावं अर्थ नंतर आपोआप कळतो, आणि हे ‘समजून शिका’चं खूळ आल्यापासून मुलं ढ पण झाली आणि वर उलट प्रश्न पण विचारायला लागली. शेवटी नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा दाखला, की तिथेही पाठांतरच लागतं. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरी पाचवी ते दहावीच्या मुलांचं गणित-विज्ञान घेते, माझा धाकटा सातवीत आहे, आणि हा मेसेज वाचून लोक घरी जाऊन मुलांना काय सांगणार ते मला माहितीये, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहिते.

पहिलं पाढ्यांचं. पाढे पाठ हवेतच, यात माझं काही भांडण नाही, सात आठे छप्पन्न पटकन आलं नाही तर पोरगं भागाकारातच अडकून बसतं आणि मूळ गणित काय होतं तेच विसरतं. पण पावकी-निमकीवाल्या पिढीचं अर्धंच सांगितलंय. तेव्हा रुपयाचे 16 आणे होते, मणाचे 40 शेर होते, दशमान नाणी आली ती 1 एप्रिल 1957 ला आणि किलो-ग्रॅम त्याच्याही नंतर. म्हणजे सकाळी शाळेत सवायकी-दीडकी म्हणायची आणि संध्याकाळी वाण्याकडे सव्वा शेर तेल, दीड पायली ज्वारी, आठ आण्याचे किती परत, हे रोज हातात. त्यांनी घोकलेलं होतं ते वापरातलं होतं हो, अर्थ रोजच्या व्यवहारातून आपोआप मिळत होता. आज तेच पाढे वापराशिवाय घोकले की काय होतं, तर सतराचा पाढा खडाखडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच सतरा सक किती विचारलं तर तो ‘सतरा एके सतरा’पासून सुरू करतो, आणि 102 सांगितल्यावर मग सतरा बारे किती म्हटलं तर म्हणतो मॅडम आम्हाला दहापर्यंतच आहे. दुप्पट करायचं सुचत नाही. अवघड आहे म्हणून नाही, पाढा म्हणजे बेरीज आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही म्हणून.

आणि ‘ती पिढी हुशार’ म्हणताना कुठली पिढी ते पण बघा. 1951 च्या जनगणनेत देशात साक्षर होते साधारण 18 टक्के. जे शाळेत गेलेच नाहीत, जे घोकता आलं नाही म्हणून मार खाऊन शाळा सोडून गेले, ते या हिशोबात कुठेच नाहीत, उरलेल्या हुशार आजोबांकडे बघून आपण पद्धत चांगली ठरवतोय.

वेदांचं म्हणाल तर पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला पाठशाळांमध्ये आजही मुलं पद, क्रम, जटा, घन अशा क्रमाने म्हणतात, शब्द पुढे-मागे फिरवून, म्हणजे एक अक्षर, एक स्वर इकडचा तिकडे होऊ नये. मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ती ग्रंथ जसाच्या तसा जपायची पद्धत आहे, अपूर्णांक शिकवायची नाही. शिवाय परंपरेतच याच्यावर बोलून ठेवलंय, यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात, सरळ म्हटलंय की वेद पाठ केला पण अर्थ जाणला नाही तो नुसता ओझं वाहणारा खांब. आणि आपले तुकोबा, ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वहावा भार माथा’. मग पाठांतराच्या बाजूने परंपरेचा दाखला देताना हे कसं काय विसरता?

घोकल्याने मेंदूला व्यायाम होतो हा मुद्दा पटकन उरकते. 1885 साली हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून लिहिलं, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळात विसरतात ते बघायचं. भराभर विसरायचा. आणि तेवढ्याच लांबीची अर्थ असलेली कविता पाठ करायला त्याला साधारण एक दशांश मेहनत लागली. म्हणजे लक्षात राहावं असं वाटत असेल तरी रस्ता अर्थातूनच जातो, आणि चाचणी संपली की पुढच्या आठवड्यात मूल कोरं का असतं त्याचं उत्तरही तेच आहे.

कापरेकरांचं नाव घेतलंय तिथे मात्र मला खरंच राग आला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, आपल्या देवळालीचे शाळामास्तर, 1930 ते 1962 तिथे शिकवलं, मोठी पदवी नाही, संशोधनाची नोकरी नाही. त्यांनी काय केलं, तर चार अंकी संख्या घेतली, अंक मोठे ते लहान लावले, मग लहान ते मोठे लावले, वजाबाकी केली, आलेल्या उत्तराचं परत तेच केलं. 3524 घ्या. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. 8730 वजा 0378 म्हणजे 8352. 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आता पुढे कितीही करा, 6174 च येत राहतं. चारही अंक एकच (1111 सारखे) नसले तर कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येता. आज जग याला कापरेकर स्थिरांक म्हणतं. यात तिसरीतल्या वजाबाकीपलीकडे काही नाही, पण ही वजाबाकी पुन्हा पुन्हा केली तर काय होईल हे विचारायला लागतं, आणि ते कुठल्याही गाईडमध्ये पाठ करायला दिलेलं नसतं. माझ्याकडच्या मुलांना हे करायला दिलं की वजाबाकीचा कंटाळा करणारी मुलंही वह्या भरवतात, कारण त्यांना बघायचं असतं की आपल्या आकड्याचं पण तसंच होतं का.

आता मुख्य मुद्दा, ‘आधी पाठ, अर्थ आपोआप’. ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा 2023 चा अहवाल ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांचा होता. पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली तर साधारण 85 टक्के मुलांना लांबी सांगता आली. तीच वस्तू शून्य सोडून पुढे सरकवली तर 39 टक्क्यांना. म्हणजे पेन्सिल 2 पासून 8 पर्यंत असेल तर 8 वजा 2 करायचं हे निम्म्याहून जास्त मुलांना सुचलं नाही. यांना पट्टी काय असते ते माहीत आहे, ‘टोक जिथे येतं तो आकडा वाचायचा’ हे पाठ आहे. अठरा वर्षांपर्यंत आपोआप यायला हवं होतं ना? नाही आलं. अजून किती थांबायचं?

आणि आपल्या घराशेजारचं उदाहरण. गोदावरी कुठे उगम पावते, ब्रह्मगिरी, लांबी किती, 1465 किलोमीटर, कुठे मिळते, बंगालच्या उपसागराला, नाशिकच्या कुठल्याही मुलाला विचारा, चटकन सांगेल. मग मी विचारते, अरे अरबी समुद्र इथून इतका जवळ, मुंबई चार-पाच तासांवर, मग गोदावरी उलटी तिकडे कशाला गेली? एकदम शांत. नकाशा उघडून बसवलं, सह्याद्रीची धार दाखवली, पठार पूर्वेकडे उतरतं ते दाखवलं की मुलंच शोधायला लागतात, आणि मग सापडतं की त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा निघते ती मात्र पश्चिमेला, तिचं पाणी मुंबईच्या नळाला, आणि गोदावरीचं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला. एका धारेच्या दोन बाजू. तिथून इगतपुरीला धो धो का आणि सिन्नर-येवल्याला टँकर का, हे पण त्यांचं तेच लावतात, आणि दरवर्षी नाशिक-मराठवाड्याचं पाण्यावरून कशासाठी पेटतं तेही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं अशी बातमी आली की मी क्युसेक विचारते. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर. 5000 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर, दहा हजाराचे चौदा टँकर, एका सेकंदात! हे एकदा स्वतः काढलेलं मूल घाटावर पूर बघायला जाताना किती मागे उभं राहायचं ते कळून उभं राहतं.

नीटचं खरं सांगते, बायोलॉजीला एनसीईआरटीचं पुस्तक ओळन् ओळ लागतं, तिथे पाठांतर आहेच आणि ते करावंच लागेल. पण 180 प्रश्नांतले 45 फिजिक्सचे असतात, चुकलं की एक मार्क कापला जातो, आणि दहावीला नव्वदच्या वर असलेली मुलं तिथेच का अडकतात हे कॉलेज रोडच्या क्लासमधल्या कुठल्याही सरांना विचारा, सूत्र पाठ असतं, कुठलं कधी लावायचं ते नसतं.

राहिला उलट प्रश्नांचा. मूल ‘का’ म्हणालं तर तो उद्धटपणा नाही, त्याचं डोकं चाललंय. अडचण वेगळी आहे आणि ती खरी आहे, वर्गात साठ-साठ मुलं असली तर मास्तरांनी कुणाकुणाच्या ‘का’ला उत्तर द्यायचं, त्यात परत पोर्शन, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरायची. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवी 35 मागे एक शिक्षक असं लिहिलेलं आहे. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा. येत्या पालक सभेत मी धाकट्याच्या शाळेत पोर्शन किती झाला ते विचारणार नाहीये, वर्गात किती मुलं आहेत आणि मुलांना प्रश्न विचारायला वेळ कधी मिळतो, हे विचारणार आहे, आणि इतर आया-बाबांनाही सोबत घेऊन जाणार आहे.