सांगलीत इंग्रजी परीक्षेच्या अ‍ॅपला मार्केट किती, असं विचारणाऱ्यांना

आज दुपारी क्लासवर पुण्याहून दोन मुलं आली होती. वागायला चांगली. चहा घेतला, लॅपटॉप उघडला. आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाताना द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तयारीचं अ‍ॅप काढतायत. म्हणाली, "मॅडम, सांगली-मिरज बेल्टचं पोटेन्शियल किती असेल, तुमचा अंदाज सांगा." आणि एक फॉर्म पुढे केला. पालकांचं उत्पन्न किती, महिन्याला किती देऊ शकतील, घरात स्मार्टफोन किती, परदेशी जायची इच्छा असलेली मुलं किती टक्के. अख्ख्या फॉर्ममध्ये असा एकही प्रश्न नाही की बाई, तुमच्या पोरांचं अडतंय कुठं?

मी फॉर्म भरला नाही. ती गेल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितेय. लांब होणार आहे.

त्यांचा हिशोब असा: जिल्ह्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं इतकी, नर्सिंगची इतकी, फार्मसीची इतकी, त्यातले पाच टक्के धरले तरी एवढे. हे पाच टक्के आले कुठून विचारलं तर म्हणे, "कमीत कमी धरलंय मॅडम." बागेत न उतरता बांधावर उभं राहून घड मोजायचा हा प्रकार. आपल्यातल्या कुणालाही हे पटणार नाही, हे मला माहीत आहे. पण हीच मुलं उद्या कुणाकडून तरी पैसे उभे करतील आणि त्या पाच टक्क्यांच्या खिशात हात घालतील, म्हणून बोलायला पाहिजे.

मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला असलेली एक सिस्टर माझ्याकडे शिकायला यायची. बेडगची पोरगी, वडिलांची दोन एकर द्राक्षबाग. इंग्लंडला जायचं होतं. तिथं नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथलं नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं आणि बोलणं या तिन्हींत ७ मागतं आणि लेखनात ६.५. माझ्याकडे यायच्या आधी तिनं असलंच एक अ‍ॅप घेतलं होतं. नाइट ड्युटीत पेशंट शांत झोपले की पहाटेपर्यंत मोबाइलवर सराव करायची. इमर्जन्सी आली आणि त्या दिवशीचा सराव राहिला की अ‍ॅप तिला कळवायचं की तुझी स्ट्रीक, म्हणजे रोजच्या सरावाची साखळी, तुटली. लेखनाला अ‍ॅपनं तिला ७.५ दिले होते. एकदा नाही, दर वेळी सात-साडेसात. त्या आकड्यावर विसंबून तिनं परीक्षेची फी भरली. सतरा-अठरा हजार. तिचा महिन्याचा पगार साधारण तेवढाच होता. निकाल आला: ऐकणं ७.५, वाचन ७, बोलणं ७ आणि लेखन ६.

लेखनातल्या अर्ध्या गुणासाठी अख्खी परीक्षा गेली.

तिची वही मी पाहिली तेव्हा मला कापरं भरलं. प्रत्येक निबंधाची सुरुवात एकच, "इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन". प्रश्न पाण्याचा असो, शाळेचा असो की म्हाताऱ्या माणसांचा, सुरुवात तीच आणि शेवटही तोच. अ‍ॅपनंच दिलेला साचा. मोठे शब्द दिसले की मशीन खूश. परीक्षक माणूस असतो. तो चार गोष्टी बघतो: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी लागते का, शब्द जागच्या जागी आहेत का आणि व्याकरण. चारही गोष्टींना सारखं वजन. त्यातली पहिलीच गोष्ट तिच्या एकाही निबंधात नव्हती. आणि पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला लगेच कळतात, त्याचे गुण जातात. हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

मी वही मिटली आणि म्हटलं, म्हाताऱ्या माणसांनी घरी राहावं की वृद्धाश्रमात, हा प्रश्न होता ना? मराठीत सांग, तुला काय वाटतं. मग ती बोलायला लागली. तिच्या वॉर्डातल्या एका आजींबद्दल. मुलगा रोज फोन करतो, पैसे पाठवतो, पण आजी संध्याकाळी पाच वाजले की दाराकडं तोंड करून बसतात. वृद्धाश्रमात असत्या तर निदान बरोबरीच्या चार बायका असत्या बोलायला, असं तिचं म्हणणं. मुद्दा, उदाहरण, उलटा मुद्दा, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, हेच लिही. तर माझ्याकडं बघत म्हणाली, "मॅडम, हे इंग्लिशमधी चालतंय व्हय?"

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ही पोरगी त्याच पिढीतली. पहिली ते बारावी इंग्रजी, पुढं नर्सिंगही इंग्रजीतून, आणि एवढ्या वर्षांत तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं की तुला काय वाटतं ते या भाषेत सांग. प्रश्नोत्तरं पाठ, निबंध पाठ, पत्र पाठ. आणि आता अ‍ॅपमध्ये पैसे भरून पुन्हा पाठच.

उलट आपले विट्याकडचे गलाईवाले बघा. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला केरळात, तमिळनाडूत, पार दिल्लीपर्यंत गेली. कित्येकांनी दहावीही केलेली नाही. मल्याळम फाडफाड बोलतात. दुकानात बसून, ऐकून, चुकत-माकत, समोरच्यानं दुरुस्त केलं म्हणून शिकले. आपल्या मातीत भाषा शिकायची ताकद नाही असं कुणी मला सांगू नये.

चुकल्यावर कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि का चुकलं ते कळेल अशा भाषेत सांगायला पाहिजे. मराठीत इंग्रजीसारखी आर्टिकल्स नाहीत. त्यामुळं आपली पोरं 'द' गाळतात नाहीतर नको तिथं घालतात. अ‍ॅप काय करतं? लाल रेघ मारतं आणि खाली इंग्रजीतच दोन ओळींचा नियम देतं. ज्या भाषेत अडतंय त्याच भाषेत अडल्याचं कारण! त्या सिस्टरला मी एवढंच सांगितलं होतं की पेशंटबद्दल पहिल्यांदा बोलतेस तेव्हा 'अ', आणि 'तोच तो' म्हणायचं असेल तेव्हा 'द'. सगळे नियम यात बसत नाहीत, पण तिच्या निम्म्या चुका तिथंच थांबल्या.

हां, ऐकण्याचा सराव अ‍ॅपवर चांगला होता हे खरं. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, त्याची सवय तिला अ‍ॅपमुळंच झाली. आणि जतच्या पोराला सांगलीत यायचं म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, त्याला मोबाइलशिवाय दुसरं आहे काय. तेवढं मान्य.

आता पैशाचं. त्या मुलांना मी विचारलं, फी कशी घेणार? म्हणे, दर महिन्याला, ऑटोपे. अरे, आमच्याकडं पैसा महिन्याला येतो का? द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी-मार्चला येतो. बेदाणा केला तर तो तासगावच्या सौद्यात विकला जाईपर्यंत थांबायचं. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. सिस्टरच्या वडिलांच्या बागेत त्या वर्षी अवकाळीनं मणी तडकले होते, दलाल फिरकला नव्हता, आणि हिच्या खात्यातनं अ‍ॅपचे पैसे मात्र तारखेला बरोबर कापले गेले. बंद करायचं बटण तिला सापडेना. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींनी मग एकाच अकाउंटवर सगळ्यांनी मिळून अभ्यास करायचा मार्ग काढला. तुमच्या हिशोबात त्या पाच गिऱ्हाइकं, आमच्या इथं एकच.

आणि या सगळ्यांना अचानक सांगलीची आठवण का झाली, तेही माहीत आहे मला. इतकी वर्षं हा धंदा पंजाबवर चालला. तिथं गावागावांत आयईएलटीएसचे क्लास, सगळी गर्दी कॅनडाला जायची. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडानं विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली, नोव्हेंबर २०२४ मध्ये झटपट व्हिसाची एसडीएस योजनाही बंद केली. इंग्लंडनं त्याच जानेवारीपासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत न्यायला मनाई केली. पंजाबातलं गिऱ्हाईक आटलं, म्हणून आता आमची मोजणी. बरं, आमच्या नर्सेससाठी तरी नीट माहिती काढा! फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याबरोबर तिकडं मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तिकडं जायचं तर जर्मन शिकावं लागतं, आयईएलटीएस नव्हे. अमेरिकेला निघालेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना बऱ्याच विद्यापीठांत घरी बसून द्यायची डुओलिंगोची परीक्षा चालते, ती निम्म्याहूनही कमी पैशात होते. नर्ससाठी ओईटी नावाची वेगळीच परीक्षा आहे. त्यात ग्लोबलायझेशन नाही, पेशंटच्या नोंदी वाचून पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं. जे काम ती रोज करते तेच. फी मात्र जवळपास दुप्पट. हे सगळं तोलून 'तुला यातलं काय लागतं, आणि मुळात लागतं का' हे सांगणारं कुणी नाही. अ‍ॅप कशाला सांगेल? त्यांना तीच परीक्षा विकायचीय.

तुम्ही म्हणाल, बाईंचा स्वतःचा क्लास आहे म्हणून बोलतात. आहे माझा क्लास. तरीही बोलणार.

कारण त्या पोरीचं पुढं काय झालं ते ऐका. दुसऱ्यांदा परीक्षा दिली, लेखन ६.५ आलं. पण वाचन घसरून ६.५ झालं. रात्री अकराला फोन, हुंदके देत. आता तिसऱ्यांदा फी कुठनं आणू, वडिलांना सांगायचं कसं. मी म्हटलं थांब, आणि कौन्सिलची वेबसाइट उघडून बसले. तिथं स्पष्ट लिहिलंय की बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरता येतात, फक्त दोन्ही वेळा वाचन, ऐकणं, बोलणं ६.५ च्या खाली आणि लेखन ६ च्या खाली जाता कामा नये. पहिल्या वेळचं वाचन ७, दुसऱ्या वेळचं लेखन ६.५. पोरगी पास होती! आणि ती नापास समजून रडत होती. अ‍ॅपवर त्याच रात्री तिला मेसेज आला होता, की पुढच्या प्रयत्नासाठी प्रीमियम घ्या, सवलत फक्त आजच.

याला तुम्ही मार्केट म्हणता? मी याला लुबाडणं म्हणते.

ती आज इंग्लंडात आहे, तिथल्या पुढच्या परीक्षाही पास झाली. वडिलांच्या बागेला ठिबक तिनं पाठवलेल्या पैशातनं झालं.

जरा पाणी पिऊन आले. त्या दोन पोरांवर माझा राग नाही खरं तर. त्यातला एक आपल्याच पलूसचा निघाला, मोठी बहीण नर्स आहे म्हणाला. निघताना त्यानं लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "मॅडम, मग काय केलं तर चालेल?" त्याला दारात जे सांगितलं तेच इथं लिहिते. फुकट परीक्षा-सराव इंटरनेटवर ढिगानं आहे, ब्रिटिश कौन्सिलचाही आहे. त्यासाठी आमची पोरं पैसे देणार नाहीत, देऊही नयेत. पैसे देतील ते लिहिलेलं वाचणाऱ्या माणसासाठी. एका निबंधाचे एवढे, एका पत्राचे एवढे, जेव्हा लागेल तेव्हा, ऑटोपे नको. चूक मराठीत समजावायची. बोलण्याच्या सरावाला समोर माणूस ठेवायचा, कारण परीक्षेतही अकरा ते चौदा मिनिटं माणसाशीच बोलायचं असतं. आणि पैसे घ्यायच्या आधी विचारायचं, कुठं जायचंय, कशासाठी, ही परीक्षा लागते का. 'लागत नाही' असं उत्तर आलं तर गिऱ्हाईक सोडून द्यायचं. असं केलंत तर मिरजेतल्या एकेका हॉस्पिटलातनं पोरी स्वतःहून येतील, जाहिरात लागणार नाही. पाच टक्के येतील का? नाही. थोड्याच येतील, पण एकमेकींना सांगत येतील.

तो म्हणाला, यात गुंतवणूकदार येणार नाहीत. मी म्हटलं, नको येऊ देत. त्यावर तो काही बोलला नाही, पण माझा नंबर मात्र घेऊन गेला.

बाकी राहिलं एवढंच. मिरज-सांगलीतली कुणी सिस्टर किंवा ब्रदर ओईटी नाहीतर आयईएलटीएसची तयारी करत असेल तर दर रविवारी सकाळी दहाला विश्रामबागेत माझ्या क्लासवर या. लेखन तपासून देईन, पैसे घेणार नाही. हातानं लिहिलेलं आणा, मोबाइलवरनं उतरवलेलं नको. पेशंटच्या नोंदींवरून पत्र लिहिलं असेल तर नाव-नंबर खोडून आणा. नाइट करून येणार असाल तर आधी मेसेज टाका, तुमचं पहिल्यांदा बघून सोडेन.