डिपस्टिक काढून काय साधले?

घरच्या अंगणात इंजिन ऑइल बदलणे हे साधे, समाधानाचे काम होते. आजच्या स्पोर्ट्स सेडानमध्ये मात्र ते मुद्दाम अवघड करून ठेवले आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. गाडी इतकी बुटकी, की साधा जॅक तिच्याखाली सरकत नाही. तळाला प्लास्टिकचे मोठे कव्हर, आणि त्याच्या स्क्रूंमध्ये विजापूर रोडची धूळ अशी बसलेली असते, की एखादा जागच्या जागी फिरत राहतो आणि मे महिन्यातल्या सोलापूरच्या ४० अंशांच्या वर गेलेल्या उन्हात तापलेल्या फरशीवर पाठ भाजत राहते.

हेही चालवून घेतले असते, पण डिपस्टिकचे, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीचे काय? पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालून पाहायची; तेलाची पातळी, रंग, जळका वास, सारे क्षणात कळे. आता अनेक गाड्यांत ती पट्टीच नाही. पातळी सेन्सर सांगणार, आणि अचूक आकडा हवा तर बहुधा इंजिन गरम आणि गाडी सपाट जागी हवी. तेल जास्त पडले तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ते घुसळून फेस करतो, कमी पडले तर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगवर बेतते. तरीही डोळ्यांनी पाहण्याचा हक्क मालकाला नाही! लाखो रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला एक लोखंडी पट्टी नाकारणे मला मुळीच पटत नाही.

उरलेल्या काळ्या तेलाची तर बातच नको. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा. मग ते परत घेण्याची सोय तेल विकणारा दुकानदार का करत नाही?